मिश्र चूर्णाचा डबा आधी बाजूला करा: पाळी जायच्या काळात वनौषधी कशा घ्याव्यात

प्रश्न: वय ४९, राहणार इंदूर. गेल्या सात महिन्यांत पाळी दोनदाच आली, पण दुसऱ्या वेळी बारा दिवस चालली. रात्री दोन-तीनदा घामाने जाग येते, दिवसाही तोंडावर झळा येतात, चिडचिड होते. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आणि रक्तदाबाची गोळी (अ‍ॅम्लोडिपिन व क्लोरथॅलिडोन एकत्र) रोज चालू आहे. हार्मोनच्या गोळ्या नको वाटतात. सासूबाईंच्या सांगण्यावरून सियागंजातून शतावरी, अश्वगंधा आणि जेष्ठमध आणून समभाग चूर्ण केलं आहे. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा दुधातून घेते. अंगावरून जास्त जातं म्हणून अशोकारिष्टही सुरू केलं. मैत्रीण ब्लॅक कोहॉशच्या गोळ्या मागव म्हणते. यातलं काय चालू ठेवू?

उत्तर: आधी निकाल, मग कारणं. जेष्ठमध आजपासून बंद. अशोकारिष्ट तपासणी होईपर्यंत बंद. अश्वगंधा तूर्त बाजूला. शतावरी चालेल, पण काही आठवड्यांनी, वेगळी आणि मोजून. ब्लॅक कोहॉश मागवू नका. आणि या सगळ्याच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आहे, ते झळांसाठी नव्हे, त्या बारा दिवसांसाठी.

पाळी जायच्या काळात काही महिने स्त्रीबीज सुटतच नाही. इस्ट्रोजेन चालू राहतं, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि एकदा सुटलं की दहा-बारा दिवस थांबत नाही. पुष्कळ वेळा कारण एवढंच असतं. पण पॉलिप, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), अस्तराची बिघडलेली वाढ आणि क्वचित कर्करोगसुद्धा असाच दिसतो, आणि बाहेरून फरक ओळखता येत नाही. म्हणून पंचेचाळिशीनंतर पाळी अशी लांबली तर योनिमार्गातून सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि अस्तराचा नमुना, एवढं व्हायलाच हवं. नमुना बारीक नळीने ओपीडीतच घेतात. काही मिनिटांचं काम आहे, ओटीपोटात कळ येते, पूर्ण भूल सहसा लागत नाही. सोनोग्राफीचा कागद पाहून "अस्तर चार मिलिमीटरच्या आत आहे ना, मग झालं" असं कोणी सांगेल. तो आकडा पाळी जाऊन वर्ष झालेल्या बायकांसाठी आहे. तुमची पाळी अजून येते आहे, त्यामुळे कुठल्या दिवशी पाहिलं त्यावर जाडी बदलते, आणि नुसत्या त्या आकड्यावर नमुना टाळता येत नाही.

अशोकारिष्टाचा दोष असा की त्याने कधी कधी रक्तस्राव कमी होतो. वाचायला विचित्र वाटेल, पण घोटाळा नेमका तिथेच आहे. अंगावरून जाणं थांबलं की तपासणी पुढे ढकलली जाते, आणि आत वाढ असली तर ती वाढत राहते. निदान झालं, अस्तर साधं निघालं, तर वैद्यांच्या सल्ल्याने जेवणानंतर १५ ते २० मिली, तेवढंच पाणी घालून, असं ते घेता येतं. तेव्हाही दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अरिष्ट म्हणजे गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं औषध. त्यात पाच ते दहा टक्के मद्यांश आपोआप तयार होतो आणि साखरही असते. मधुमेह, यकृताचा आजार, किंवा अंगावरून पांढरं जातं म्हणून मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाचा कोर्स चालू असताना ते घेऊ नये. दुसरं म्हणजे झाडाची ओळख. औषधी तो सीताअशोक, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. वसाहतींत कंपाउंडच्या कडेने सरळसोट वाढवतात तो उंच अशोक निराळाच, आणि त्याची साल भेसळीला सर्रास चालते. सुटी साल विकत घेऊन घरी काढा करण्याच्या भानगडीत म्हणूनच पडू नये.

तासाला एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि पुढे पाळी पूर्ण थांबून बारा महिने झाले की त्यानंतरचा एक डागसुद्धा तपासून घ्यायचा. त्याला घरगुती औषध नाही.

याच्या उलट चूकही होते. पाळी दोन-तीन महिने आली नाही म्हणून ती "आणण्यासाठी" रजःप्रवर्तनी वटी घेतात. तिच्यात कासीस (लोहाचा क्षार), टंकण (टाकणखार), हिंग आणि कोरफडीचा एळवा (वाळवलेला रस) असतो. पोटात मुरडा आणि जुलाब व्हायचे, आणि या वयात पाळी लांबणं हा काही अडथळा नव्हे की तो फोडावा. आधी लघवीची गर्भचाचणी करा. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षं गर्भनिरोधनाची गरज असते, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

आता झळा. त्या पाळी जाण्याच्याच आहेत, हे गृहीत धरू नका, कारण तुमच्या दोन्ही गोळ्या झळा आणू शकतात. अ‍ॅम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैल होतात. तोंड लाल आणि गरम होतं, घोट्याला सूज येते, आणि हे बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांत लक्षात येतं. पाळी जाण्याची झळ छातीतून वर मानेकडे, तोंडाकडे चढते, एक ते पाच मिनिटं टिकते, पाठोपाठ घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. थायरॉइडची मात्रा गरजेपेक्षा जास्त होत असेल तर स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी नव्वद-शंभराच्या घरात राहते, हात थरथरतात, वजन उतरतं, शौचाला पातळ होतं. म्हणून टीएसएच आत्ताच करा आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना थेट विचारा. ती आपल्या मनाने मात्र थांबवू नका. रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, वजन कमी होणं असेल तर क्षयाची तपासणी आधी. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

आता तुमचा डबा. चहाचा एक सपाट चमचा चूर्ण म्हणजे साधारण तीन ग्रॅम. दिवसाचे दोन चमचे म्हणजे सहा, आणि समभाग असल्याने प्रत्येक औषध दोन ग्रॅम. शतावरीची रूढ मात्रा तीन ते सहा ग्रॅम, म्हणजे ती तुम्हाला अपुरी पडते आहे. जेष्ठमध दोन ग्रॅम, आणि तुमच्या रक्तदाबाला तेवढं पुरे आहे. ज्याचा उपयोग व्हायचा ते कमी आणि ज्याचा त्रास व्हायचा ते भरपूर, अशी ही समभागाची गंमत. शिवाय उद्या पोट बिघडलं किंवा अंगाला खाज सुटली, तर तिघांतलं कोण दोषी हे कळायला मार्ग नाही. हा डबा टाकून द्यावा लागेल, चाळून वेगळा होणार नाही.

जेष्ठमध गोड, घशाला गुणकारी, म्हणून निरुपद्रवी वाटतो. त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. मग शरीरातलं कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं. मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब चढतो. तुमच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घालवतं. दोन्ही मिळून पायात गोळे, अशक्तपणा, हृदयाचे ठोके चुकणं. आणि बाई समजते की ही धडधड पाळी जाण्याचीच. युरोपात रोजच्या ग्लिसरायझिनची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. मुळाच्या प्रतीनुसार दोन ग्रॅम जेष्ठमधातही ती ओलांडली जाऊ शकते. बंद केल्यावर परिणाम उतरायला दोनेक आठवडे लागतात, तेवढे दिवस घरी रोज रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी एकदा करून घ्या. बायकांसाठीच्या अनेक तयार टॉनिकांत, सिरपांत जेष्ठमध असतो. बाटलीवर यष्टिमधु, मुलेठी असं काही लिहिलेलं दिसलं तर तो हाच.

अश्वगंधा आपल्या भागाचं पीक. नीमच-मंदसौरकडून ती साऱ्या देशात जाते, त्यामुळे इंदुरात ताजं आणि चांगलं मूळ मिळतं. पाळी जायच्या काळातल्या बायकांवर भारतातच एक चाचणी झाली आहे, २०२१ साली प्रसिद्ध झालेली. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे. लक्षणं खोट्या गोळीपेक्षा (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी) जास्त कमी झाली. झोप आणि ताण यांच्यासाठी हिची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे, असं माझं मत. मग तुम्हाला का नको? कारण ती काही जणींत थायरॉइडचं हार्मोन वाढवते. वरून गोळी आणि आतून अश्वगंधा, म्हणजे घाम आणि धडधड आणखी. आधी टीएसएच पाहू. तो मर्यादेत असेल, झोपेची तक्रार तशीच असेल आणि डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायला तयार असतील, तर नंतर तिचा स्वतंत्र विचार करता येईल. तेव्हाही एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) आधी एकदा आणि सहा आठवड्यांनी एकदा बघायचा, कारण अश्वगंधेनंतर कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण होतं. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, भूक मेलेली, मळमळ: यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबर ती नको, गुंगी वाढते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये अश्वगंधेची पानं औषधात वापरू नका असं बजावलं, कारण स्वस्त मालात मुळाऐवजी पानं आणि देठ दळले जातात. चूर्ण आणि अर्क एक नव्हेत, हेही इथेच सांगून ठेवू. ५ टक्के विथॅनोलाइडचा (अश्वगंधेतला कामाचा घटक) ३०० मिलिग्रॅम अर्क आणि ३०० मिलिग्रॅम चूर्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्काच्या कॅप्सूल चूर्णाच्या हिशोबाने चार-पाच घेणाऱ्या बायका असतात.

उरली शतावरी. झळांसाठी तिच्यावर झालेल्या चाचण्या छोट्या आणि थोड्या मुदतीच्या आहेत, चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पण तुमच्या यादीत सगळ्यात कमी धोक्याचं औषध हेच. चूर्ण सुटं घेऊ नका. वाळलेलं मूळ घ्या: बोटाएवढं जाड किंवा थोडं बारीक, मळकट पांढरं, लांबीभर सुरकुत्या, मधली काडी काढलेली, चवीला गोड आणि मागाहून किंचित कडू. काळपट, ओलसर, कुबट वासाचं मूळ बुरशीचं. ते धुऊन-वाळवून वापरू नका, परत करा. घरी दळायचं तर आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर चूर्ण गोळा होतं आणि आठवड्याभरात आळी पडते. एका वेळी शंभर ग्रॅमच दळा, काचेच्या बरणीत ठेवा, बरणीवर तारीख लिहा, आणि पहिल्यांदा तरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चमचा मोजून घ्या. प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. तयार चूर्ण घेणार असाल तर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि वजन छापलेलं असेल तेच घ्या. भस्मं किंवा रसकल्प (पारा घातलेली औषधं) मिसळलेलं काहीही या कामासाठी नको. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

मात्रा: पहिला आठवडा दीड ग्रॅम रात्री, दुसऱ्या आठवड्यात दीड-दीड ग्रॅम दोनदा, मग तीन-तीन ग्रॅम दोनदा. कोमट दुधातून, दूध सोसत नसेल तर पाण्यातून. पोट जड होणं, गॅस, भूक मंदावणं हे तिचे नेहमीचे त्रास. तसं झालं तर तीन ग्रॅमवर थांबा, जोर करू नका. वेळ मात्र बदलावी लागेल. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल आणि तासाभरात हे दूध पीत असाल, तर दुधातलं कॅल्शियम गोळी नीट शोषू देत नाही. शतावरीचं दूध दुपारी चारला आणि रात्री घ्या. गोळी आणि दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, इसबगोल, सोया यांत चार तासांचं अंतर, हा एकच नियम पाठ करून ठेवा. शतावरी कल्प आणि चूर्ण एक समजू नका. कल्पात वजनाने साखर जास्त असते, आणि या वयात पोटाभोवती वजन तसंही चढतं.

सोयाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इंदुरात राहून ते न सांगणं बरं नाही. माळव्याची शेतं सोयाबीनने भरलेली, देशाची सोयाबीन संशोधन संस्था याच शहरात, आणि घराघरांत त्याचं फक्त तेल पोचतं. तेलात झळांवर काम करणारे आयसोफ्लॅवोन जवळजवळ नसतातच. ते दाण्यात आणि पिठात असतात, त्यामुळे "आमच्याकडे सोयाबीनचंच तेल आहे" याचा इथे काही उपयोग नाही. चाचण्यांत दिवसाला ४० ते ८० मिलिग्रॅम दिले जातात. निकाल संमिश्र आहेत, फायदा झालाच तर थोडा आणि आठ-बारा आठवड्यांनी दिसतो. पण अन्न म्हणून खायचं असल्याने तोटा फारसा नाही, प्रथिनं तर मिळतातच.

दाणे कच्चे दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि पोट धरतं. एक भाग दाणे, तीन भाग पाणी. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर दाणे टाका आणि पंचवीस-तीस मिनिटं उकळा. थंड पाण्यात टाकून भिजत घातले तर उग्र वास तसाच राहतो. पाणी काढून, हाताने चोळून सालं काढा, कडकडीत वाळवा, मग गिरणीत गव्हाबरोबर दळा: नऊ भाग गहू, एक भाग सोया. जास्त घातलं तर पोळी चिवट होते आणि घरात दुसऱ्या दिवशी बंड होतं. चार पोळ्यांतून साधारण दहा-बारा ग्रॅम सोयापीठ जातं, त्यात पंधरा-वीस मिलिग्रॅमपर्यंत आयसोफ्लॅवोन. उकळताना थोडे पाण्यात जातात, ते धरून. शंभर ग्रॅम टोफूतून आणखी वीस-तीस. दोन्ही मिळून चाळिशीच्या आसपास पोचता येतं. आयसोफ्लॅवोनच्या कॅप्सूल मात्र निराळ्या. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी जेवणातला बेताचा सोया खाल्ला तर चालतो, कॅप्सूल नकोत.

जवसाची फार वाहवा होते. झळांवर नीट रचलेल्या चाचणीत तो खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. बद्धकोष्ठ आणि कोलेस्टेरॉलसाठी रोज एक-दोन चमचे भाजून, कुटून चटणीत खा, वर पाणी भरपूर प्या, एवढंच त्याचं काम. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो.

ब्लॅक कोहॉश ही उत्तर अमेरिकेतली वनस्पती. ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या विकल्या जातात. २०१२ मध्ये १६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तो उपयोगी आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्याच्या नावाखाली दुसऱ्याच जातीची मुळं विकली जातात. पैसे घालवून धोका विकत घेण्यासारखं आहे ते.

हळदीकुंकवात ऐकलेली बाकीची नावं झटपट. गुळवेल: भारतातूनच कावीळ झाल्याच्या नोंदी आल्या आहेत, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार असलेल्यांनी विशेष जपावं, आणि थायरॉइडचा आजार पुष्कळदा त्याच जातीचा असतो. शंखपुष्पीचं सिरप: फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर नको, तिची रक्तातली पातळी उतरते. हळद: भाजीत हवी तेवढी, पण मिरीच्या अर्कासह येणाऱ्या कॅप्सूल नकोत, आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही, औषधाचा कामाचा अंश कमी होतो. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कुठलीही वनौषधी विचारल्याशिवाय नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळं बंद, आणि भूलतज्ज्ञांना यादी द्यायची. "काढाच तर घेते" म्हणून ती लपवू नये. स्तन किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, यकृत बिघडलेलं असेल, तर शतावरीसुद्धा आपल्या मनाने नाही.

सुरू करण्याआधी दोन आठवडे काहीही न घेता नुसतं लिहा. दिवसात झळा किती, रात्री किती वेळा जाग आली, आणि त्रास किती याला शून्य ते दहा गुण. हे कंटाळवाणं काम टाळू नका. चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्या झळाही पंचवीस-तीस टक्के, कधी त्याहून जास्त कमी होतात, आणि झळा आपोआपही कमी-जास्त होत असतात. वही नसेल तर श्रेय कुणालाही जातं. त्याच वहीत खाणंही लिहा. मेंदूतलं तापमानाचं केंद्र इस्ट्रोजेन उतरल्यावर इतकं हळवं होतं की शरीराच्या तापमानातला थोडासा चढही त्याला सोसत नाही. एरवी जे चालायचं ते आता झळ पेटवतं. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गरमागरम गराडू (तळलेला कंद) आणि वर जीरावन मसाला, नंतर कडक चहा, आणि दोनला घामाने जाग, हा संबंध वहीत आठ दिवसांत दिसतो. माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या. खिडकी उघडी, सुती चादर, जाड सिंथेटिक गाऊनला रजा, एवढ्यानेही रात्रीची एखादी जाग वाचते. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने झळा कमी होतात, हे मात्र कुठल्याही चूर्णापेक्षा खात्रीचं.

योनीचा कोरडेपणा आणि संबंधांच्या वेळची आग यांवर तोंडाने घ्यायची वनौषधी फारशी उपयोगी नाही. पाण्यावर आधारलेलं वंगण वापरा, मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा. त्रिफळ्याच्या किंवा कडुनिंबाच्या पाण्याने आतून धुऊ नका, कोरडेपणा वाढतो. तेल कंडोमला कमकुवत करतं. यानेही भागलं नाही तर योनीत ठेवायचं अल्पमात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं, ते रक्तात फारच थोडं जातं, तोंडाने घ्यायच्या गोळीशी त्याची तुलना करू नका.

हार्मोन नको म्हणालात, ते मान्य. नकार देताना एवढं माहीत असू द्या: झळांवर सर्वांत परिणामकारक उपचार आजही तोच आहे, झळा साधारण तीन चतुर्थांश कमी होतात, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, इतर अडचण नसलेल्या बाईला त्याचा फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. हाडांची झीजही तो रोखतो, शतावरी रोखत नाही. हार्मोनशिवायची, डॉक्टरांनी लिहून द्यायची औषधंही आहेत. रात्री तीन-चारदा उठून दिवस वाया जात असेल, तर वनौषधींवर वर्ष काढण्यात शहाणपणा नाही. आणि ज्यांची पाळी चाळिशीच्या आतच गेली, किंवा अंडाशय काढले आहेत, त्यांनी तर फक्त वनौषधींवर राहूच नये. हाडं आणि हृदय दोन्हीचा प्रश्न असतो.

क्रम असा ठेवा. हा आठवडा: डबा बंद, तपासण्या, रक्तदाबाची वही. पुढचे दोन आठवडे फक्त नोंदी. मग शतावरी एकटी. तिला चार आठवडे झाले की सोयाचं पीठ सुरू करा, दोन्ही एकदम नको. शतावरी सुरू केल्यापासून बाराव्या आठवड्याला वही काढा. झळा निम्म्याने तरी कमी झाल्या असतील तर चालू ठेवा, पण तीन महिन्यांनी दोन आठवडे थांबवून बघा, परत वाढतात का. वाढल्या नाहीत तर औषधाची गरज संपली. बाराव्या आठवड्याला फरक नसेल तर मात्रा वाढवत बसू नका, थांबवा आणि डॉक्टरांना वही दाखवा. मधेच काही विपरीत घडलं तर बरणी, पावती आणि वेष्टन फेकून देऊ नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते, आणि तिथे बॅच क्रमांक लागू शकतो.